धरणे आणि राखणे : एका इंग्रजी शब्दाची कूळकथा

काही वर्षांपूर्वी रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या फाटकावर इंग्रजीत एक नोटीस लागली. वार्षिक पगारवाढ 'ऑन होल्ड' ठेवण्यात आली आहे, एवढाच तिचा मजकूर. कामगार मंडळी आमच्याकडे आली. त्यांतला एक शिकलेला तरुण म्हणाला, "होल्ड म्हणजे धरून ठेवणे. आपली वाढ त्यांच्याकडे जमा आहे, कुठे जात नाही." आम्हीही मान डोलावली. वर्ष उलटल्यावर उलगडा झाला की जमा काहीच नव्हते; वाढ नुसती थांबवली होती. तोवर अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या १९७१ च्या कायद्याने तक्रारीला दिलेली नव्वद दिवसांची मुदत केव्हाच टळली होती. उशीर माफ करून घेण्याची सोय होती. पण उशिराचे कारण काय सांगायचे? शब्दाचा अर्थ चुकला, हे?

आमचे शालेय शिक्षण बेताचे. इंग्रजी आम्ही शिकलो ते नोटिसा वाचून आणि शेजारी कोश उघडून. त्या दिवसापासून हा 'होल्ड' आमच्या मागे लागला. त्याचा जो शोध आम्ही आमच्यापुरता घेतला, तो येथे मांडतो.

इंग्रज माणूस पेला होल्ड करतो, सभा होल्ड करतो, पद होल्ड करतो, मत होल्ड करतो आणि जमीनही होल्ड करतो. त्याचे न्यायालय निकाल देते तेव्हा तेही अमुक एक 'होल्ड' करते. आपण मराठीत पेला धरतो, सभा भरवतो, पद भूषवतो, मत बाळगतो, जमीन कसतो. आणि न्यायालय ठरवते. एका शब्दासाठी आपल्याला सहा क्रियापदे लागतात. त्याखेरीज सातवा अर्थ आहे तो थांबवून ठेवण्याचा. टेलिफोनवर 'होल्ड करा' म्हणतात तो हाच, आणि आमच्या नोटिशीतलाही हाच. धरणे आणि थांबवणे हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदतात. त्यांतला कोणता चालू आहे हे वाक्यावरून ओळखावे लागते.

मग या शब्दाचे मूळ काय? इंग्रजीची एक जुनी नातलग भाषा गॉथिक. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने तिच्यात बायबलचे भाषांतर केले. त्यात हा शब्द 'हाल्डान' या रूपात येतो आणि त्याचा अर्थ आहे गुरे राखणे. घर सोडून गेलेला मुलगा परमुलखात डुकरे राखायला लागतो, तेथे हेच क्रियापद आहे. म्हणजे पंडितांच्या मते आधी राखण, मग सांभाळ, आणि त्यातून पुढे ताबा. जर्मन भाषेत याच शब्दाचे 'हाल्टेन' झाले. त्याचा अर्थ धरणे आणि थांबणे असा दुहेरी. तेथूनच शिपायांचा 'हॉल्ट' आला, आणि तोच रेल्वेच्या छोट्या स्टेशनांना व एस.टी.च्या रात्रीच्या मुक्कामाला चिकटला.

येथे एक सावधगिरी. जहाजाच्या पोटात माल भरतात त्या जागेलाही इंग्रजीत 'होल्ड' म्हणतात. धरमतरच्या खाडीत बार्जा पाहणाऱ्याला वाटेल की माल धरून ठेवते म्हणून ते नाव. तसे नाही. तो शब्द मुळात 'होल', म्हणजे पोकळी. शेजारच्या शब्दाच्या संगतीने त्याला शेपूट फुटले. सारखे दिसते ते सगे असतेच असे नाही.

राखण्यातून ताबा येतो हे पेणच्या खारपट्टीतल्या शेतकऱ्याला कोशात पाहावे लागत नाही. तेथे खाडीचे पाणी अडवणारा बांध राखला तर भात पिकते. बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि जमीन नापीक होते. पूर्वी या भागात 'शिलोत्री' नावाची पद्धत होती. बांधाच्या दुरुस्तीसाठी कसणाऱ्याला नेहमीच्या देण्याखेरीज वेगळे धान्य द्यावे लागे. सातबाऱ्यावर नाव कोणाचेही असो, जमीन टिकते ती बांधावर माती घालणाऱ्या हातांमुळे.

कायद्याच्या भाषेत मात्र 'होल्डिंग' म्हणजे कागदावरचे क्षेत्र. मराठीत त्याला 'धारणा' म्हणतात. १९६१ च्या कमाल जमीनधारणेच्या कायद्यात तो शब्द नावातच आहे. धारण कोणी केली आणि राखली कोणी, हा तंटा आपल्या जिल्ह्यात फार जुना. खोत हा मूळचा सारा वसूल करणारा. पुढे तो मालकासारखा वागू लागला. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी येथे नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी संप पुकारला आणि जमिनी कसायचे नाकारले. संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. प्रत्यक्ष कायदा १९४९ साली झाला. १९४८ च्या कुळकायद्यात पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ पासून कसणारे कूळ, ठरलेली किंमत भरण्याच्या अटीवर, मालक मानले गेले. राखणाऱ्याला धारकाचे नाव मिळायला इतकी वर्षे लागली.

कुळाला इंग्रजीत 'टेनंट' म्हणतात. हा शब्द फ्रेंचमधून आला, अर्थ 'धरणारा'. त्याच्या मुळाशी लॅटिन 'तेनेरे', आणि त्याच्याही मागे ताणण्याच्या अर्थाचा एक धातू. संस्कृतातला 'तन्' त्याचाच भाऊ. आपला 'ताण' तेथूनच आला. टेनंट आणि ताण एकाच घरचे, हे कुळांना सांगावे लागत नसे!

शेवटी आमच्या धंद्यातला शब्द घेऊ : धरणे. पूर्वी सावकार किंवा त्याचा माणूस ऋणकोच्या दारी उपाशी बसून राही. त्याला धरणे धरणे म्हणत. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात हा शब्द आहे. १८६० च्या दंडसंहितेत ५०८ व्या कलमाखाली, दैवी कोपाची भीती घालण्याचे उदाहरण म्हणून, दारी धरणे धरणाराच दिला होता. आज तोच शब्द येणेकऱ्या कामगाराच्या हाती आला आहे. तो हाताने कोणाला धरत नाही; जागा धरतो आणि आपला हक्क राखतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. कागदावर 'होल्ड' दिसला की तीन प्रश्न विचारावेत : धरले कोणी, कोणाचे धरले, आणि केव्हापर्यंत? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर नसेल, तर ते राखणे नव्हे, थांबवणे आहे असे समजावे आणि नव्वद दिवस मोजायला त्याच दिवशी लागावे. आम्ही त्या वेळी हे तीन प्रश्न विचारले नाहीत. त्याची किंमत आमच्या खिशातून गेली नाही, कामगारांच्या गेली.