लिपी, यंत्र आणि वाद : मराठीच्या संगणकीय मतभेदांचे स्वरूप

१

संगणकप्रणालींविषयीचे वाद हा साहित्याच्या अभ्यासकाचा प्रांत नव्हे, असा समज मराठी विभागांतून सर्रास आढळतो. कोणती कार्यप्रणाली श्रेष्ठ, कोणती आज्ञावली वापरावी, तिची मालकी कोणाकडे असावी, हे प्रश्न तंत्रज्ञांचे मानले जातात आणि ते ज्या आवेशाने लढविले जातात तो पाहून साहित्याचा अभ्यासक त्यांपासून दूरच राहतो. तथापि मराठीच्या संदर्भात हे वाद अखेरीस लिपीपाशी येऊन ठेपतात. लिपी यंत्राच्या सोयीने बदलावी की यंत्राने लिपीच्या गरजेनुसार वळावे, हा त्यांमागील मूळ प्रश्न होय. तो संगणकाबरोबर आलेला नाही. खिळे जुळविणाऱ्या छापखान्याइतका तो जुना आहे आणि त्याच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण रत्नागिरीत घडले आहे.

या वादांचे स्वरूप तपासण्यासाठी न्यायदर्शनातील एक भेद उपयुक्त ठरतो. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णय हे ज्याचे प्रयोजन तो वाद, विजय हे ज्याचे प्रयोजन तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन करीत राहणे ही वितंडा. मराठीत आज आपण 'वाद' हा शब्द तिन्हींसाठी वापरतो. त्यामुळे कोणत्या भांडणातून ज्ञान निष्पन्न झाले आणि कोणत्यातून केवळ कटुता, हे वेगळे काढणे कठीण होते. प्रस्तुत लेखात हा भेद हाताशी ठेवून संगणकीय मराठीच्या मतभेदांचा विचार करावयाचा आहे.

२

देवनागरीचे मुद्रण रोमन लिपीच्या मुद्रणापेक्षा मुळातच अवघड. स्वर, व्यंजने, मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे यांच्यामुळे खिळ्यांची संख्या काही शेकड्यांत जात असे. १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढणाऱ्या जावजी दादाजींची ख्याती देखण्या खिळ्यांवर उभी राहिली, पण सौंदर्याची किंमत जुळाऱ्याला भरलेल्या केसांपुढे उभे राहून मोजावी लागे. १८५६ साली रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनीही 'केसरी'च्या छपाईच्या निमित्ताने खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या प्रश्नात लक्ष घातले होते. म्हणजे लिपी आणि यंत्र यांचा मेळ हा विषय वृत्तपत्र चालविणाऱ्या माणसाच्या रोजच्या व्यवहारातून उद्भवला होता.

विनायक दामोदर सावरकर जानेवारी १९२४ ते मे १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. राजकारणास बंदी असल्याने त्यांच्या लेखणीने भाषाशुद्धी आणि लिपिशुद्धी हे विषय हाती घेतले. त्यांच्या लिपिविषयक सूचनांतील सर्वांत परिचित सूचना म्हणजे 'अ'ची बाराखडी. 'क'ला जशी वेलांटी लागून 'कि', 'की' होते, तशीच 'अ'ला लागून 'अि', 'अी', 'अु', 'अू' लिहावे, इ, ई, उ, ऊ ही स्वतंत्र चिन्हे गाळावीत, तसेच जोडाक्षरे एकाखाली एक न लिहिता शेजारी शेजारी लिहावीत, असा त्यांचा रोख होता. त्यामुळे खिळे कमी होतील, टंकलेखनयंत्र सुकर होईल आणि मुलांच्या स्मृतीवरचा भार घटेल, ही त्यामागील कारणे होत. 'ओ' आणि 'औ' आपण 'अ'लाच काना-मात्रा देऊन लिहितो, हे ध्यानात घेतले म्हणजे ही सूचना वरवर वाटते तितकी विक्षिप्त राहत नाही. काकासाहेब कालेलकर आणि विनोबा भावे यांनीही याच दिशेने लिपिसुधारणेचे प्रयत्न केले.

या सूचनेवर घेता येणारे आक्षेपही तितकेच विचारणीय आहेत. 'कि'मध्ये 'क्' हे व्यंजन शिल्लक राहते. 'अि'मध्ये मात्र 'अ' या ध्वनीचा मागमूसही उरत नाही, ते चिन्ह केवळ वेलांटीचा आधार बनते. शिवाय लिपी बदलली म्हणजे छापलेले सारे जुने वाङ्मय पुढील पिढीला परके होण्याचा धोका संभवतो, आणि देवनागरी ही एकट्या मराठीची लिपी नसल्याने हिंदी, संस्कृत व नेपाळी यांच्याशी असलेला तिचा सांधाही विचारात घ्यावा लागतो. दोन्ही बाजूंनी ध्वनिशास्त्र, अध्यापन आणि मुद्रणाचे अर्थकारण यांवर आधारलेली कारणे देता येतात. न्यायदर्शनाच्या भाषेत ही 'वादा'ची सामग्री होय.

'अ'ची बाराखडी सर्वमान्य झाली नाही. परंतु ती ज्या अडचणीतून निर्माण झाली त्या अडचणीचे पुढे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे.

३

संगणकाने हा प्रश्न दोन टप्प्यांत हाताळला. पहिल्या टप्प्यात आयआयटी कानपूर येथे विकसित झालेले आणि पुढे पुण्याच्या सीडॅक संस्थेने वाढविलेले 'जिस्ट' तंत्रज्ञान येते. त्याच्या जोडीला १९९१ साली भारतीय मानक म्हणून 'इस्की' ही संकेतप्रणाली स्वीकारली गेली. तिचे तत्त्व सोपे पण दूरगामी होते : संगणकाने अक्षराची आकृती साठवावयाची नाही, वर्ण साठवावयाचा. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना 'क'च्या आधी दिसते. टंकलेखनयंत्रावर ती आधी उमटवावी लागे. 'इस्की'त मात्र उच्चाराच्या क्रमाने आधी 'क' आणि मग वेलांटी साठविली जाई. ती डावीकडे नेऊन दाखविण्याचे काम यंत्राचे. दृश्यक्रमाऐवजी ध्वनिक्रम हा आधार मानण्यात आला. ज्या अडचणीसाठी लिपीला वळण लावण्याचा विचार झाला होता, ती अडचण यंत्राने अशा रीतीने आपल्या अंगावर घेतली.

व्यवहारात मात्र निराळेच घडले. विंडोज प्रणालीचा प्रसार झाल्यावर मुद्रणव्यवसायाने फाँटवर आधारलेला मार्ग धरला. रोमन अक्षरांसाठी असलेल्या २५६ स्थानांवर देवनागरीचे तुकडे, म्हणजे अर्धी अक्षरे, काने, वेलांट्या, बसविण्यात आले. कोणत्या स्थानी कोणता तुकडा, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठरविले. श्रीलिपी, आकृती यांसारख्या आज्ञावल्यांनी १९९० च्या दशकातील मराठी वृत्तपत्रे आणि पुस्तके घडविली, हे श्रेय त्यांना द्यावेच लागते. पण एका फाँटमध्ये जुळविलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की तो निरर्थक चिन्हांचा ढीग होई. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नव्हताच. तो रोमन चिन्हांचा क्रम होता आणि त्यावर मराठीचा मुखवटा चढविलेला होता. त्यात शब्द शोधणे, वर्णानुक्रम लावणे, सूची करणे ही अभ्यासकाची प्राथमिक कामे त्या विशिष्ट आज्ञावलीबाहेर अशक्यप्राय झाली.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीचा विभाग 'इस्की'च्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेला होता. विंडोज २००० या प्रणालीत देवनागरी युनिकोडची सोय आली, लिनक्सवरही ती पुढे उपलब्ध झाली, आणि ध्वनिक्रमाचे तत्त्व जगभर प्रस्थापित झाले.

४

तरीही मतभेद संपले नाहीत. उलट ते अधिक सूक्ष्म झाले. त्यांतील मराठीच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण मतभेद अर्ध्या 'र'चा आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचे अनेकवचन. 'आचार्यांना बोलावले' आणि 'आचाऱ्यांना बोलावले' या दोन वाक्यांत विद्वान आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. हिंदीला हा भेद लागत नाही, मराठीला लागतो. म्हणून हिंदी डोळ्यांसमोर ठेवून बनविलेल्या फाँटांत तो दुर्लक्षित राहण्याची भीती असे. युनिकोडमध्ये या अर्ध्या 'र'साठी नुक्ता असलेल्या 'ऱ'ला हलन्त जोडण्याची पद्धत आहे. त्याशिवाय साध्या 'र'ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही तीच आकृती मिळते. पडद्यावर दोन्ही 'दऱ्या' सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटू शकतात. शब्दकोशकार किंवा संहितासूची करणारा विद्यार्थी यांना हा फरक ठाऊक नसेल, तर त्यांची नोंदसंख्या चुकते.

'ॲ'ची कथाही अशीच आहे. 'बॅट', 'ॲप' अशा शब्दांतील स्वराचे मराठी रूप म्हणून 'अ'वर चंद्र देण्याची रीत आपल्याकडे रुळलेली होती. युनिकोडमध्ये आरंभी 'ए'वर चंद्र असलेले 'ऍ' तेवढे होते. स्वतंत्र 'ॲ' २००८ साली ५.१ या आवृत्तीत समाविष्ट झाला. परिणामी त्याआधीच्या मजकुरात हा स्वर कोठे 'ऍ' असा, तर कोठे 'अ' आणि सुटा चंद्र असा लिहिलेला आढळतो. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हिंदी वळणांहून भिन्न असल्याने तोही वादविषय ठरला. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने, आणि पुढे २०२२ साली, मराठी वर्णमाला व अक्षरवळणे यांचे प्रमाणीकरण केले. वळणाचा हा आग्रह काहींना केवळ अस्मितेचा वाटतो. परंतु 'ल' कसाही काढला तरी अर्थ बदलत नाही आणि अर्धा 'र' चुकला तर बदलतो, हा भेद न केल्यास दोन निरनिराळ्या योग्यतेचे प्रश्न एकाच आवेशाने लढविले जातात. जल्पाचा आरंभ येथे होतो.

५

आवेश ही केवळ मराठीची मिरास नव्हे. १९९२ च्या आरंभी अँड्र्यू टॅननबॉम या प्राध्यापकाने, लिनक्सची रचना कालबाह्य आहे, असे जाहीरपणे लिहिले. नुकताच लिनक्स सिद्ध करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्यास तिखट उत्तर दिले आणि लगेच उत्तराच्या सुराबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. शब्द बोचरे असले तरी कार्यप्रणालीचा गाभा लहान असावा की एकसंध, ती एकाच प्रक्रियकाशी बांधलेली असावी काय, हे मुद्दे त्या वादात स्पष्टपणे मांडले गेले, आणि म्हणून तो आजही विद्यार्थ्यांना वाचावयास दिला जातो. सूर जल्पाचा आणि आशय वादाचा, असे त्याचे वर्णन करता येईल.

मराठीत मुक्त आणि मालकीच्या आज्ञावल्यांविषयी झालेला मतभेद याच कसोटीवर पाहता येतो. मातृभाषेचे लेखन एखाद्या कंपनीच्या गुप्त संकेतांत अडकून पडू नये, हा मुक्त प्रणालीच्या पुरस्कर्त्यांचा पक्ष. प्रणाली उपलब्ध नव्हती तेव्हा खासगी कंपन्यांनीच पदर पसरून बसलेल्या मुद्रकाची गरज भागविली, हा दुसरा पक्ष. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. मालकी आज्ञावलीची असू शकते, लिपीच्या संकेताची असू नये, हा निष्कर्ष या दोहोंतून निघतो. तो कोणा एका पक्षाचा विजय नसून वादाचे फलित होय.

परिभाषेच्या क्षेत्रात मात्र वितंडाच अधिक दिसते. 'सॉफ्टवेअर' की 'आज्ञावली', 'फाइल' की 'धारिका' या चर्चेत रत्नागिरीकाळातील भाषाशुद्धीचाच धागा पुढे येतो. त्या चळवळीने प्रत्यक्ष पर्यायी शब्द घडवून दिले. 'महापौर' आणि 'दिनांक' यांसारखे शब्द रुळले, अनेक रुळले नाहीत, पण पक्ष मांडला गेला होता. पर्याय न सुचविता दुसऱ्याच्या प्रत्येक शब्दाला हसणे, किंवा व्यवहार न पाहता प्रत्येक रुळलेल्या शब्दाला अशुद्ध ठरविणे, यातून परिभाषा तयार होत नाही.

६

या साऱ्याचा मराठी विभागांशी असलेला संबंध आता स्पष्ट व्हावा. १९९० ते २०१० या काळात संगणकावर जुळविलेले प्रबंध, नियतकालिके आणि पुस्तके यांचा मोठा भाग जुन्या फाँटांच्या संकेतांत आहे. त्यांची छापील प्रत वाचता येते, पण त्यांतील शब्द शोधता येत नाही. आज भाषेची साधने, शोधयंत्रे आणि भाषाप्रतिमाने यंत्राला वाचता येणाऱ्या मजकुरावरच उभी राहतात. जो मजकूर युनिकोडमध्ये नाही, तो त्यांच्या दृष्टीने लिहिलाच गेलेला नाही. मोडी वाचता येणारे कमी झाल्यावर दफ्तरांचे जे झाले, ते आपल्याच हयातीतील लेखनाचे होऊ शकते. फरक एवढाच की येथे विस्मृतीला शतक लागत नाही, एखादी आज्ञावली बंद पडणे पुरेसे होते.

म्हणून प्रबंध दाखल करताना छापील प्रतीबरोबर युनिकोडमधील मूळ मजकूर घेणे, जुन्या धारिकांसोबत त्यांच्या फाँटचे नाव नोंदवून ठेवणे, रूपांतरानंतर 'दर्या' आणि 'दऱ्या' यांसारख्या जोड्या तपासणे, ही कामे तंत्रज्ञांवर सोपवून भागणार नाही. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला दोन्ही शब्द सारखेच निर्दोष वाटतील. त्या वाक्यात समुद्र अभिप्रेत आहे की डोंगराची खोली, हे संहिता वाचणाऱ्यालाच सांगता येईल.