बिनमुंडक्याचा घोडेस्वार

एका जाडजूड पुस्तकात मी हे चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा वाटले, छपाईत काहीतरी गफलत झाली असावी. डौलदार घोडा, चिलखत घातलेला स्वार, शेजारी शिरस्त्राण धरून उभा सेवक. सगळे कसे रेखीव; फक्त स्वाराला डोकेच नाही!

गफलत नव्हती. पिएर लोम्बार हा फ्रेंच खोदकार १६५०च्या दशकात लंडनमध्ये काम करत होता. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली ही त्याची तसबीर. मांडणी मात्र व्हॅन डाइकची. त्याने १६३३ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याला घोड्यावर रंगवले होते. चार्ल्स होता ठेंगणा. पण चित्रकाराने बघणाऱ्याला घोड्याच्या पायांशी उभे केले, राजाला कमानीतून थेट पुढे येऊ दिले आणि सेवकाची नजर वर लावली. तिच्यामागोमाग आपलीही मान वर जाते.

१६४९ मध्ये याच चार्ल्सचा शिरच्छेद झाला. पुढे सत्ता क्रॉमवेलकडे आली आणि लोम्बारच्या पत्र्यावर, राजाच्याच ऐटीत, क्रॉमवेल बसला. राजपद मोडणाऱ्यालाही घोडा राजाचाच लागला, याची मला मोठी गंमत वाटते.

आता तांब्यावरचे डोके बदलायचे कसे? जुन्या रेषा धारदार हत्याराने खरवडायच्या, जागा घोटून गुळगुळीत करायची, पडलेला खळगा मागून हातोडीने ठोकून वर आणायचा आणि तिथे नवा चेहरा कोरायचा. अख्खा पत्रा नव्याने कोरण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. या एकाच धडावर क्रॉमवेल आला, फ्रान्सचा चौदावा लुई आला आणि खुद्द चार्ल्सही आला. डोक्याची जागा कोरी असताना काढलेला छाप म्हणजे आपला हा बिनमुंडक्याचा स्वार.

जत्रेतल्या फोटोवाल्याकडे पुठ्ठ्याचे विमान असे. भोकातून तोंड बाहेर काढले की झालो वैमानिक. तसेच हे. मग गिऱ्हाईक फसले का? मला नाही वाटत. ‘हा सत्ताधीश’ एवढे घोडा, चिलखत आणि सेवक सांगत होते. ‘कोणता’, हे सांगायला नखाएवढा चेहरा आणि खालची नावाची ओळ पुरे होती.

तेव्हापासून जुनी तसबीर समोर आली की मी आधी तिच्या चेहऱ्यावर अंगठा ठेवतो आणि उरलेले चित्र बघतो.