‘रक्तवाढीचं इंजेक्शन’ नेमकं काय करतं?

वालचंदनगर, इंदापूर भागातून डायलिसिससाठी बारामतीला किंवा पुण्याला जाणाऱ्या घरांना ‘रक्तवाढीचं इंजेक्शन’ ओळखीचं असतं. त्याचं नाव एरिथ्रोपोएटिन. पैशांची ओढाताण झाली की पहिली कात्री त्यालाच लागते. “अब्बांना आता बरं वाटतंय, या वेळी राहू द्या,” असं आपण सहज म्हणून जातो. म्हणून ते शरीरात काय करतं, हे समजून घेऊ.

या इंजेक्शनात रक्त नसतं, असतो फक्त निरोप. तांबड्या पेशी हाडांतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत तयार होतात. रोज सुमारे २० हजार कोटी. एक पेशी साधारण १२० दिवस जगते. किती पेशी बनवायच्या, हा निरोप मूत्रपिंडाकडून येतो. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की ते एरिथ्रोपोएटिन सोडतं. मूत्रपिंड निकामी झालं की हा निरोप आटतो, आणि मगज धडधाकट असूनही काम मंदावतं.

हा निरोप पेशीच्या आत शिरत नाही. कारखान्याच्या गावाला हे सांगायला नको: भोंगा बाहेर वाजतो, हालचाल आत होते. पेशीच्या आवरणावरच्या ग्राहक प्रथिनांना एरिथ्रोपोएटिन चिकटलं की आतल्या बाजूचं जॅक-२ जागं होतं. ते स्टॅट-५ला खूण करतं. स्टॅट-५ केंद्रकात जाऊन जनुकं सुरू करतं. हुकूम असा: मरू नका, वाढा, तांबड्या पेशी व्हा. पुढे दुसरी प्रथिनं हा हुकूम थांबवतात. जॅक-२मध्ये बिघाड होऊन ते सतत चालू राहिलं, तर रक्त दाट होण्याचा आजार जडतो. हा बिघाड २००५ मध्ये उघड झाला.

अशा निरोपात मात्रेला फार महत्त्व. पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील डॉ. वैजयंती काळे यांनी २००४ मध्ये टीजीएफ-बीटा या दुसऱ्या निरोप्याबद्दल हेच दाखवलं. अगदी कमी मात्रेत तो रक्त घडवणाऱ्या पेशींना चालना देतो, जास्त मात्रेत त्यांनाच रोखतो; कारण दोन्ही वेळी पेशीच्या आत वेगवेगळ्या वाटा उघडतात.

एरिथ्रोपोएटिनचीही मात्रा सांभाळावी लागते. हिमोग्लोबिन जास्तच वर नेण्यासाठी मात्रा वाढवलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांना हृदयाचा धोका वाढल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. म्हणजे चुकवणं वाईट, तसं मनाने वाढवणंही वाईट.

मग घरच्यांनी काय पाहावं? हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनची तपासणी झाली का, हे विचारा. शरीरात लोह नसेल तर निरोप पोचूनही माल तयार होत नाही. इंजेक्शन थंडीत ठेवा, पण गोठू देऊ नका. रक्तदाब मोजत राहा. या औषधाने तो चढू शकतो. इंजेक्शन चुकवून वारंवार रक्त चढवायची वेळ आणू नका. त्यातून अंगात तयार होणारी प्रतिद्रव्यं पुढे किडनी बसवताना आड येऊ शकतात. आणि खर्च झेपत नसेल तर गुपचूप बंद करण्याऐवजी डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्यात लाज कसली?