पाण्याचा जमाखर्च

शिवऱ्याच्या शिवारातून महामार्ग दक्षिणेस धावतो, तेव्हा दुतर्फा गोदामे, धाबे आणि पेट्रोलपंप यांची इतकी दाटी असते की, येथून दोन-चार तासांत निर्जन मुलूख गाठता येईल यावर नवख्या सायकलस्वाराचा विश्वास बसत नाही. परंतु चेलाडी फाट्यावर उजवीकडे वळून, नसरापूर ओलांडून आणि तोरण्याच्या पायथ्याचे वेल्हे मागे टाकून तोच स्वार केळदच्या वाटेला लागतो, तेव्हा दुकान, सावली आणि मोबाइलची रेंज ही तिन्ही एकेक करून त्याची रजा घेतात.

निर्जन मुलखातील सायकलप्रवास म्हणजे निव्वळ धाडस, अशी सार्वत्रिक समजूत असली तरी त्याचा खरा पाया जमाखर्चाचा आहे. 1896 साली आर्थर रिचर्डसन या ऑस्ट्रेलियन तरुणाने कूलगार्डीपासून अॅडिलेडपर्यंतचा प्रवास, वाटेतले नलार्बरचे वृक्षहीन मैदान तारायंत्राच्या खांबांच्या रोखाने ओलांडून, 31 दिवसांत पुरा केला. त्याच्यापाशी थोडके सामान आणि पाण्याची पिशवी होती. त्याच मैदानाच्या वाटेवर आज एकही वळण नसलेला सुमारे 146 किलोमीटरांचा सरळ रस्ता आहे. त्याच खंडातील पर्थहून 2018 साली निघालेली पुण्याची वेदांगी कुलकर्णी अवघ्या विशीत 159 दिवसांत सुमारे 29,000 किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करती झाली.

तेथील कसोटी अंतराची, आमच्या मावळातील चढाची. उन्हातल्या चढावर ताशी लिटरभर घाम सहज जातो. म्हणून पुढचे गाव किती कोसांवर आहे यापेक्षा किती तासांवर आहे, हे विचारून बाटल्या भराव्यात. 1928 साली पुरे झालेले भाटघर धरण आणि नीरा-देवघरचा जलाशय यांचे अथांग पाणी भोर तालुक्यात जागोजागी दृष्टीस पडते खरे, पण रस्ता वर आणि पाणी खोल दरीत, अशी स्थिती वारंवार येते, आणि वैशाखात वाड्यांच्या विहिरीही तळ गाठतात.

चढाचे गणित दात्यांत आहे. पुढच्या चकतीला 44 आणि मागे 18 दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे पाच मीटर पुढे जाते, आणि तेवढ्या अंतराची चढण एका दमात गुडघ्यांच्या माथी बसते. पुढे 30 आणि मागे 34 दाते असले, तर तोच फेरा पावणेदोन-दोन मीटरच देतो, पण ओझ्यासह वरंधा घाटाची चढण बसल्या बसल्या चढवतो. ओझे पाठीवर न घेता कॅरिअरच्या दोन्ही बाजूंस खाली बांधावे, म्हणजे उतारावर हँडल डगमगत नाही. दोन ट्यूब, पंक्चरचे सामान, पंप, चेनची एक कडी आणि पान्हे यांची तजवीज भोरलाच किंवा वेल्ह्यालाच करावी. पुढे मेकॅनिकची आशा ठेवू नये.

हा सगळा बंदोबस्त करूनही माझी एकदा फजिती झाली. केळदच्या अलीकडे, भर दुपारी, दोन्ही बाटल्या रित्या होऊन मी चढावर सायकल ढकलीत होतो, तोच एका अंगणातून म्हातारीने विचारले, “येष्टी चुकली व्हय रं बाळा?” मी म्हटले, “नाही आजी, हौसेने आलोय.” तिने क्षणभर सायकलकडे, क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता माठातला तांब्या पुढे केला. त्या पाण्याची नोंद माझ्या हिशेबात कोठेच नव्हती.

तेव्हा वाचकहो, पावसाळा सरल्यावर, भाताची कापणी चालू असताना, एखाद्या रविवारी उजाडताच शिवऱ्याहून निघावे. बाटल्या दोनऐवजी चार भरून घ्याव्यात, आणि परतीच्या वाटेसाठी एक कायम शिल्लक ठेवावी.