आधी प्रश्न, मग पैसे

संशोधनासाठी निधी मागताना अनेक संस्था आधी मोजक्या पानांचा प्राथमिक प्रस्ताव मागतात. तो पसंत पडला तरच सविस्तर प्रस्ताव द्यायचा. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पर्यावरणीय जीवशास्त्र विभागाने २०१२ मध्ये ही पद्धत आणली, तेव्हा पहिल्या फेरीत प्रकल्पाचं वर्णन चार पानांत बसवायचं होतं. देणाऱ्याचा आणि मागणाऱ्याचा, दोघांचाही वेळ वाचावा, हा हेतू.

मी प्राणिशास्त्र शिकवतो, त्यामुळे विद्यार्थ्यांचे असे खर्डे माझ्याकडे येतच असतात. बहुतेकांची सुरुवात ठरलेली: ‘पश्चिम घाट हा जैवविविधतेचा अनमोल ठेवा आहे.’ खरंच आहे; पण परीक्षकापुढे गठ्ठा असतो आणि हे त्याला पाठ असतं.

एका विद्यार्थिनीचा विषय होता कोकणातल्या सड्यांवरची पावसाळी डबकी. जांभ्याच्या खळग्यांत पाणी साचलं की फेअरी श्रिम्प हे झिंग्यासारखे इवलेसे जीव त्यात पोहू लागतात. डबकं आटलं की ते मरतात. अंडी मात्र गाळात उन्हाळा काढतात. तिचं शीर्षक: ‘सड्यांवरील जलीय जैवविविधतेचा अभ्यास’. म्हटलं, “अगं, पण तुला नेमकं शोधायचंय काय?”

“सर, कातळ फोडून जिथे आंबा लावलाय, तिथल्या डबक्यांत ते मला दिसले नाहीत. अंडीच नाहीत, की असून फुटत नाहीत?”

“मग हेच पहिलं वाक्य कर.”

पुढचं सगळं त्यातूनच निघालं. दोन्हीकडचा सुका गाळ आणायचा, अंडी मोजायची, एकसारख्या पाण्यात भिजवून किती फुटतात ते पाहायचं. अंडीच नसतील तर दुसऱ्या सड्यावरचा गाळ टाकून पाहता येईल. असून फुटत नसतील तर कारण हुडकावं लागेल. उत्तर कुठलंही येवो, हाती काहीतरी लागणारच. बजेटही सोपं झालं: सूक्ष्मदर्शक विभागात आहेच, पैसे हवेत प्रवासाला आणि मदतनीसाला.

शेवटी खर्डा दुसऱ्या विषयाच्या माणसाला वाचायला द्यावा. तिने तो भौतिकशास्त्राच्या मॅडमना दिला. त्या म्हणाल्या, “आंब्यावर फवारणी मोहराच्या वेळी होते ना? तेव्हा डबकी तर कोरडी असतात.” म्हणजे औषधाचा अंश पाण्याइतकाच गाळातही तपासायला हवा! ते वाक्य वाढलं. जागेसाठी पश्चिम घाटाचा अनमोल ठेवा काढून टाकला.