निकालाचे कोष्टक आणि मतदाराचे मन

निवडणुकीचा निकाल लागला म्हणजे वर्तमानपत्रांत एक कोष्टक येते. कोणत्या पक्षाच्या जागा वाढल्या आणि कोणाच्या घटल्या, एवढे त्यावरून कळते. कोष्टक खोटे नसते. परंतु तेवढ्यावरून मतदाराचे मन कळले असे मानणे धोक्याचे होय. आपल्या गोंदिया जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ या.

१९९९ साली भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात विधानसभेचे चार मतदारसंघ आहेत: गोंदिया, तिरोडा, अर्जुनी मोरगाव व आमगाव. २०१९ साली तिरोडा भाजपकडे, अर्जुनी मोरगाव राष्ट्रवादीकडे, आमगाव काँग्रेसकडे आणि गोंदिया अपक्षाकडे गेले. २०२४ साली मात्र चारही जागा महायुतीला मिळाल्या. तीन भाजपला, एक अजित पवारांच्या राष्ट्रवादीला. कोष्टक पाहणारा म्हणेल, केवढी ही उलथापालथ!

आता पक्षाचा रकाना झाकून केवळ नावे वाचा. तिरोड्यात विजय रहांगडालेच पुन्हा आले. गोंदियात २०१९ चे अपक्ष विनोद अग्रवाल भाजपतर्फे निवडून आले. आमगावात २०१४ चे आमदार संजय पुराम परतले. अर्जुनी मोरगावात राजकुमार बडोले २००९ व २०१४ साली भाजपतर्फे विजयी झाले होते. २०१९ साली ते अवघ्या ७१८ मतांनी हरले आणि २०२४ साली राष्ट्रवादीच्या चिन्हावर जिंकले. म्हणजे चौघांपैकी एकही चेहरा नवा नाही.

गोंदियाची लढत तर फारच बोधप्रद आहे. २०१४ साली काँग्रेसचे गोपालदास अग्रवाल विरुद्ध भाजपचे विनोद अग्रवाल. २०१९ साली गोपालदास भाजपचे, विनोद अपक्ष. २०२४ साली गोपालदास पुन्हा काँग्रेसचे, विनोद पुन्हा भाजपचे. माणसे तीच, झेंडे तेवढे बदलले. निवडून आल्यावर पक्ष सोडणाऱ्यास १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याचा अडसर आहे; निवडणुकीपूर्वी पक्ष बदलून उमेदवार होणाऱ्याचा न्याय मात्र मतदारानेच करावयाचा असतो.

मग येथला मतदार केवळ माणूस पाहतो काय? तेही पूर्ण खरे नव्हे. जून २०२४ मध्ये लोकसभेच्या भंडारा-गोंदिया मतदारसंघात काँग्रेसचे प्रशांत पडोळे निवडून आले. आमगाव ज्यात मोडते त्या गडचिरोली-चिमूरमध्येही काँग्रेसच जिंकली. सहा महिने लोटण्याच्या आत विधानसभेचा कौल उलट लागला. दिल्लीसाठी एक विचार, मुंबईसाठी दुसरा, हा भेद मतदार करतो.

म्हणून निकाल वाचताना आधी नाव पाहावे, मग पक्ष, मग मतांचे अंतर. अर्जुनी मोरगावात २०१९ साली विजयी उमेदवाराच्या मतदारांपैकी ३६० जण बडोल्यांकडे वळते, तरी आमदार दुसरा झाला असता. कोष्टकात त्या जागेपुढे एकचा आकडाच दिसतो. ते ३६० जण त्यात कोठेही दिसत नाहीत. आणि आपले एक मत ते काय, असे म्हणणाऱ्यास उत्तर द्यावयाचे तर तेच द्यावे लागेल.