मृगाचा किडा : समजूत आणि वस्तुस्थिती

मृग नक्षत्राच्या सुमारास, म्हणजे ७ जूनच्या आगेमागे, पहिल्या सरी पडल्या की मुळशी तालुक्यातील खाचरांच्या बांधांवर लाल मखमली अंगाचा एक इवला जीव फिरताना दिसतो. हाच मृगाचा किडा. संस्कृतात यास इंद्रगोप म्हणतात. इंद्र हा पावसाचा देव. त्याने राखलेला तो इंद्रगोप. हा किडा दिसला की पाऊस आला, आता पेरणीस हरकत नाही, अशी जुनी समजूत आहे.

वस्तुतः हा कीटक नव्हे. कीटकास सहा पाय असतात, यास आठ. कोळी व गोचीड यांच्या वर्गातील हा प्राणी वर्षाचा बहुतेक काळ जमिनीत दडून असतो व माती भिजताच भक्ष्यासाठी वर येतो. वाळवीसारखे लहान कीटक तो खातो. त्याची पिल्ले नाकतोड्यांसारख्या कीटकांच्या अंगास चिकटून रस शोषतात. पिकास त्याचा उपद्रव नाही. म्हणून त्यास मारू नये.

मात्र त्याच्या दर्शनाने वरची माती भिजली एवढेच कळते. पाऊस टिकेल, हे कळत नाही. अशा वेळी भाताचे बी टाकले आणि पावसाने ओढ दिली, तर कोवळी रोपे करपतात व जपून ठेवलेले आंबेमोहराचे बियाणे वाया जाते. यास्तव वाफा वीतभर उकरून ओल पाहावी व वेधशाळेचा अंदाज ऐकावा. कोरडवाहू पेरणी तर ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट मृगापूर्वीच शेतकरी बंधूंना समजावून द्यावी.